'चेंजेस' : टुपाक गेल्यावर आलेलं गाणं

आपल्या हॉस्टेलवर रात्री अकरानंतर एखाद्या तरी रूममधून रॅप ऐकू येतंच. निम्मे शब्द कळत नाहीत, पण मान आपोआप डोलते! त्यातलंच एक गाणं म्हणजे 'चेंजेस'. 1998 साली ते बाजारात आलं, तेव्हा ते गाणाऱ्याला जाऊन दोन वर्षं झाली होती.

त्याचं नाव टुपाक शकूर. जन्म 16 जून 1971, न्यूयॉर्क. आई अफेनी 'ब्लॅक पँथर'ची कार्यकर्ती. (आपल्याकडच्या दलित पँथरने 1972 मध्ये नाव घेतलं ते याच संघटनेवरून.) बॉम्बस्फोटाच्या कटाचा आरोप तिच्यावर होता. पोटात बाळ असताना तिने वकील न घेता कोर्टात स्वतःची बाजू मांडली आणि ती निर्दोष सुटली. महिन्याभरात टुपाक जन्मला. पुढे तिने त्याला पेरूमधल्या एका बंडखोराचं नाव दिलं.

नाव मोठं, पण घरात पैसा नाही. बाल्टिमोरच्या कलाशाळेत तो अभिनय, कविता आणि चक्क बॅले शिकला! 1988 मध्ये कॅलिफोर्नियाला जावं लागलं आणि ती शाळा सुटली. आई क्रॅकच्या व्यसनात अडकली. एका ग्रुपचं सामान उचलत, मागे नाचत त्याने सुरुवात केली आणि 1991 मध्ये स्वतःचा पहिला अल्बम काढला. त्याच वर्षी ओकलंडच्या पोलिसांनी मारहाण केली म्हणून त्याने दावा लावला. तो तडजोडीने मिटला.

1992 च्या सुमारास त्याने 'चेंजेस' रेकॉर्ड केलं. गरिबी, ड्रग्ज, पोलिसांची दडपशाही, एकमेकांच्याच जिवावर उठलेली वस्तीतली पोरं... आणि हे बदलायचं तर आधी आपण बदलू, असा एकूण सूर. त्यातला पियानो ब्रूस हॉर्न्सबीच्या 1986 च्या, वर्णभेदावरच्याच गाण्यातला. पण टेप तशीच पडून राहिली.

आणि टुपाक? आईवर 'डिअर मामा'सारखं हळवं गाणं करणारा हा माणूस 1994 मध्ये एका तरुणीच्या लैंगिक छळाच्या गुन्ह्यात दोषी ठरला. त्याने आरोप नाकारला, पण तुरुंगात जावं लागलंच. तो आत असतानाच त्याचा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला! जामिनावर सुटल्यावर 'डेथ रो' कंपनी, प्रचंड पैसा आणि न्यूयॉर्कच्या रॅपर्सशी उघड वैर. ज्या मारामारीबद्दल तो गाण्यात कळवळला होता, तिच्यातच तो उतरला. 7 सप्टेंबर 1996 ला लास व्हेगासमध्ये गाडीत बसलेला असताना त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. 13 तारखेला तो गेला. वय फक्त 25.

व्यसनातून बाहेर आलेल्या अफेनीने मुलाच्या पडून असलेल्या रेकॉर्डिंग्जचा ताबा घेतला. आपण इंजिनीअरिंगवाल्यांना यातली तांत्रिक बाजू आवडेल : स्टुडिओत आवाज वेगळ्या ट्रॅकवर असतो, त्यामुळे गायक नसला तरी त्याच्या आवाजाभोवती नवं संगीत बांधता येतं. तसंच हे गाणं नव्याने मिक्स झालं. नॉर्वे आणि नेदरलँड्समध्ये ते पहिल्या क्रमांकावर पोचलं, 2000 साली त्याला ग्रॅमी नामांकनही मिळालं.

अमेरिका कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्षासाठी तयार नाही, असं त्याने त्यात म्हटलं होतं. 2008 मध्ये ओबामा निवडून आले, तिथे तो चुकला. पण 2020 मध्ये मिनियापोलिसला एका पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला, आणि जुनं गाणं पुन्हा कालचं वाटू लागलं.

मिक्सिंग करून गाणं दुरुस्त करता आलं. माणसाला मात्र त्यासाठी वेळ मिळावा लागतो. टुपाकला तो मिळाला नाही. आपल्यातले बरेच जण अजून पंचविशीच्या अलीकडेच आहेत. आज रात्री ते गाणं लागलं, तर नुसती मान डोलवू नका... जरा शब्दही ऐका!