डहाणूचे कापरेकर मास्तर आणि सतरा आकडी संख्या

१११११११११ म्हणजे नऊ एक्के. याचा वर्ग केला की येतात १२३४५६७८९८७६५४३२१. एकपासून नऊपर्यंत चढायचं आणि तसंच उतरायचं! अशा संख्यांना एका रेल्वे स्टेशनवरून ‘डेम्लो’ हे नाव दिलं दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी.

जन्म डहाणूचा, १७ जानेवारी १९०५. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. पुढे १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. पदव्युत्तर पदवी नव्हती, त्यामुळे कित्येक गणितज्ञांनी त्यांचं काम आकड्यांचा खेळ म्हणून बाजूला सारलं. मास्तर थांबले नाहीत. १९७५ मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे जगाला नाव कळलं. १९८६ मध्ये ते गेले.

त्यांचं गणित पडताळायला पदवी लागत नाही. सुरतजवळच्या चलथाणमधल्या मराठी घरातलं शाळकरी पोरही ते वहीवर करू शकतं. ३५२४ घ्या. मोठ्या मांडणीतून लहान वजा करा : ५४३२ − २३४५ = ३०८७. पुन्हा तेच : ८७३० − ०३७८ = ८३५२. आणि ८५३२ − २३५८ = ६१७४. चारही अंक सारखे नसले, की जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येणारच. हाच कापरेकर स्थिरांक.