मोरार ते फुलबाग : राणी लक्ष्मीबाईंच्या वाटेने

फुलबागेतील राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीवरून लष्करातील मराठी माणसाचे जाणे-येणे नेहमीचेच. हात जोडावेत आणि बाजाराची वाट धरावी, एवढाच आपला परिपाठ. परंतु समाधी म्हणजे पोथीचे शेवटचे पान. त्याच्या आधीची दोन-तीन पाने तरी पायांखालून जावीत, म्हणून माझ्याकडे गाणे शिकावयास येणाऱ्या मुलांना मी जून महिन्यात मोरार, कोट्याची सराय आणि फुलबाग या क्रमाने फिरवून आणतो.

वाटेत मागील हकीकत सांगावीच लागते. मोरोपंत तांब्यांची ही कन्या काशीत जन्मली आणि ब्रह्मावर्तास दुसऱ्या बाजीरावांच्या आश्रयाखाली वाढली. १८४२ साली झाशीच्या गंगाधररावांशी तिचा विवाह झाला. गंगाधरराव नाटकाचे मोठे शौकीन होते. १८५१ साली पुत्र झाला, तो काही महिन्यांतच गेला. नोव्हेंबर १८५३ मध्ये मृत्यूच्या आदल्या दिवशी राजांनी दत्तक घेतला, तो दामोदर. डलहौसीने ते दत्तविधान मानले नाही आणि १८५४ मध्ये संस्थान खालसा केले. राणीस सालिना ६०,००० रुपयांचे वर्षासन देऊ केले. तिने अर्जांवर अर्ज केले, वकील लावले. काही उपयोग झाला नाही. तलवार हाती घेण्यापूर्वी ही बाई तीन वर्षे कागदावर लढत होती, हे मुलांना मी मुद्दाम सांगतो.

जून १८५७ मध्ये झाशीच्या शिपायांनी बंड केले आणि झोकनबागेत इंग्रज बायका-मुलांसह सर्वांची कत्तल झाली. त्यात राणीचा हात असल्याचा भक्कम पुरावा नाही. पण कत्तल झाली, हेही लपवू नये. पुढे नऊ-दहा महिने राणीने कारभार चालविला आणि ओरछ्याचा हल्ला परतविला. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजने झाशीस वेढा घातला. मदतीस आलेले तात्या टोपे १ एप्रिलला बेतवेकाठी हरले, ३ तारखेस इंग्रज शहरात शिरले आणि ४ च्या रात्री राणी किल्ल्याबाहेर पडली. मागे राहिलेल्या शहराची जी दशा झाली ती वरसईच्या विष्णुभट गोडशांनी डोळ्यांनी पाहिली. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापला गेला; आपल्या घराघरांत तो असावयास हवा. पुढे कोंच आणि काल्पी येथेही पराभव झाला, आणि रावसाहेब, तात्या व राणी ग्वाल्हेरकडे वळले.

मोरारला पोहोचलो की मुले हटकून एक प्रश्न विचारतात : गुरुजी, आपली माणसे कोणत्या बाजूस होती? आमच्या घरातील गाणे शिंद्यांच्या अन्नावर वाढले, म्हणून उत्तर देताना मी जपून बोलतो. पण टाळीत नाही. १ जूनला जयाजीराव महाराज तोफा घेऊन इथेच सामोरे गेले. बहुतेक फौज पेशव्यांच्या बाजूस मिळाली. महाराजांचे खास पथक तेवढे लढले आणि महाराज आग्र्यास गेले. दिवाण दिनकरराव राजवाडेही इंग्रजांच्याच बाजूचे. म्हणजे एकाच आळीतील एक घर धन्यासाठी लढले आणि शेजारचे घर पेशव्यांच्या झेंड्याखाली गेले. दोघांनीही इमान राखले असे मी मानतो. फक्त इमानाची दैवते निराळी होती.

३ जूनला फुलबागेत रावसाहेबांचा दरबार भरला. मानपान झाले, भोजनाच्या पंगती उठल्या. राणीला हे रुचले नाही. फौजेची तयारी करा, असा तिचा आग्रह होता, असे तिचे चरित्रकार लिहितात. मी दरबारी गाण्याच्या घरातला. दरबाराची शोभा मला कोणी सांगावयास नको. तरी मुलांना म्हणतो, बैठक कितीही देखणी असो, अवेळी मांडली तर राग बसत नाही. तो पंधरवडा असा गेला आणि १६ जूनला रोजने मोरार घेतले.

दुसऱ्या दिवशी ब्रिगेडियर स्मिथची फौज शहराच्या आग्नेयेस कोट्याच्या सरायेपाशी आली. इथे टेकड्या आहेत, नाले आहेत. घोडदळास जागा अवघड. आठव्या हुसार पथकाच्या हल्ल्यात स्वाराच्या वेशातील राणी प्राणांतिक जखमी झाली. इंग्रजी कागद १७ जून सांगतात, ग्वाल्हेर १८ जूनला पुण्यतिथी पाळते. गंगादासांच्या बड्या शाळेतील साधूंनी तिचा देह इंग्रजांच्या हाती लागू दिला नाही आणि त्यापायी ७४५ साधू पडले, अशी त्या मठाची परंपरा आहे. चिता तिथेच पेटली. २० जूनला किल्लाही पडला. दामोदरराव रानोमाळ भटकत पुढे इंदुरास आले आणि १९०६ साली तिथेच निवर्तले. झाशी त्यांना मिळाली नाही.

झाशीचे काय झाले, ही गोष्ट मी समाधीपाशी शेवटी सांगतो, कारण ती ग्वाल्हेरकरांनी विसरू नये अशी आहे. १८६१ साली इंग्रजांनी झाशीचे शहर व किल्ला शिंद्यांस दिला. ग्वाल्हेरचा किल्ला मात्र त्यांनी स्वतःच्या ताब्यात ठेवला होता. १८८६ साली अदलाबदल झाली : झाशी इंग्रजांनी परत घेतली आणि ग्वाल्हेरचा किल्ला व मोरार शिंद्यांना मिळाले. राणीने जिच्यासाठी प्राण दिले त्या झाशीच्या मोबदल्यात आपला किल्ला आपल्याकडे आला. फुलबागेतून मान वर केली की तो किल्ला दिसतो. समाधीस हात जोडताना एकवार तिकडेही पाहावे. आपल्यावर ऋण कोणाचे आहे ते ध्यानी येईल.