सबंध आयुष्याचा अभ्यासक

बालपण सरले की माणसाची घडणही संपली, ही समजूत मानसशास्त्रात दीर्घकाळ टिकून होती. फ्रॉइड यांच्या सिद्धांताने तर तिला शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून दिली. ती समजूत दूर करण्याचे काम पुढे त्यांच्याच संप्रदायात तयार झालेल्या एरिक एरिकसन यांनी केले.

एरिकसन यांचा जन्म १९०२ मध्ये फ्रँकफुर्टजवळ झाला. आई डॅनिश ज्यू. पिता कोण, हे त्यांना अखेरपर्यंत कळले नाही. सावत्र वडिलांनाच जन्मदाते मानून ते वाढले. गोरा वर्ण आणि निळे डोळे यांमुळे प्रार्थनामंदिरात ते परके ठरत, शाळेत ज्यू म्हणून हिणवले जात. आपण कोण, हा प्रश्न त्यांना ग्रंथांतून भेटला नव्हता. विद्यापीठाची पदवी त्यांनी कधी घेतली नाही. काही वर्षे चित्रकार म्हणून भटकल्यावर १९२७ मध्ये ते व्हिएन्नातील एका लहानशा शाळेत शिक्षक झाले आणि ॲना फ्रॉइड यांच्याकडे मनोविश्लेषण शिकले. १९३३ मध्ये अमेरिकेत गेले. पुढे तेथील नागरिकत्व घेताना एरिकसन, म्हणजे एरिकचा पुत्र, हे आडनाव त्यांनी धारण केले. पित्याची जागा त्यांनी अशी स्वतःच भरून काढली!

१९५० मध्ये ‘चाइल्डहुड अँड सोसायटी’ हा त्यांचा ग्रंथ निघाला. त्यात आयुष्याच्या आठ अवस्था मांडल्या आहेत. तान्ह्या मुलासमोर जगावर विश्वास ठेवावा की नाही हा पेच असतो, किशोरासमोर स्वतःच्या ओळखीचा. प्रौढासमोर पुढच्या पिढीची काळजी वाहण्याचा आणि वृद्धासमोर झाले गेले आयुष्य आपले म्हणून स्वीकारण्याचा. त्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्राध्यापकांवर लादलेल्या निष्ठेच्या शपथेवर सही करण्यास नकार देऊन त्यांनी तेथील पद सोडले.

१९६२ मध्ये जीवनचक्रावरील परिसंवादासाठी ते अहमदाबादला आले आणि तेथे १९१८ च्या गिरणी संपाने त्यांना पछाडले. प्लेगच्या काळातील बोनस बंद झाला होता, महागाई वाढली होती. कामगारांची मागणी ३५ टक्के वाढीची, मालक २० टक्क्यांवर अडलेले. मालकांचे पुढारी अंबालाल साराभाई, तर कामगारांच्या बाजूला त्यांच्याच भगिनी अनसूयाबेन. गांधीजींच्या तीन दिवसांच्या उपवासानंतर प्रकरण लवादाकडे गेले आणि लवादाने ३५ टक्के मान्य केले. अर्थशास्त्राच्या पुस्तकात हा मजुरीचा तंटा म्हणून चार ओळींत संपतो. एरिकसन यांना त्यात अठ्ठेचाळीस वर्षांचा एक गृहस्थ घराबाहेरच्या हजारोंचे पालकत्व पत्करताना दिसला. संपातील हयात माणसांना भेटून त्यांनी ‘गांधीज ट्रुथ’ लिहिले. ते १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यास पुलित्झर पारितोषिक लाभले.

या ग्रंथाच्या मध्यावर एक विलक्षण प्रकरण आहे. दिवंगत गांधीजींना थेट पत्र लिहून एरिकसन यांनी त्यांच्या घरातील वर्तनाबद्दल, स्वकीयांशी वागण्यातील कठोरपणाबद्दल जाब विचारला आहे. जाब रास्त होता. परंतु विचारणाऱ्याच्या घरातही एक दार बंद होते. १९४४ मध्ये एरिकसन दांपत्याला डाउन सिंड्रोम असलेला मुलगा झाला. त्याला संस्थेत ठेवण्यात आले आणि भावंडांना तो जन्मतःच गेल्याचे सांगण्यात आले. आपला जन्म ज्याच्यापासून लपविला गेला, त्यानेच एका मुलाचे अस्तित्व लपवावे! तो काळ आणि डॉक्टरांचा सल्ला ध्यानात घेऊनही हे खटकते. आठ अवस्थांच्या त्या आराखड्यात अशा मुलाच्या वाढीला स्वतंत्र जागा नाही, हेही नजरेआड करता येत नाही.

वयाच्या ऐंशीनंतर पत्नी जोन आणि हेलन किव्हनिक यांच्यासह त्यांनी बर्कली येथील एका जुन्या बालविकास अभ्यासातील मुलांच्या आईवडिलांना गाठले. ज्यांच्या मुलांची वाढ पूर्वी नोंदली गेली होती, ते २९ जण आता स्वतः ऐंशीच्या घरात होते. वृद्धत्वावरील तो ग्रंथ १९८६ मध्ये आला. १९९४ मध्ये एरिकसन निवर्तले. तीन वर्षांनी जोन यांनी त्यांच्या पुस्तकाची वाढीव आवृत्ती काढली आणि शरीर साथ सोडू लागते त्या अतिवार्धक्याची नववी अवस्था तीत घातली.