थॉमस टाउनसेंड ब्राउन

थॉमस टाउनसेंड ब्राउन (१८ मार्च १९०५ – २७ ऑक्टोबर १९८५) हे अमेरिकन संशोधक होते. उच्च विद्युत् दाबाखालील धारित्रात निर्माण होणाऱ्या रेट्याचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. हा आविष्कार बीफेल्ड-ब्राउन परिणाम या नावाने ओळखला जातो. विजेच्या साहाय्याने गुरुत्वाकर्षणावर नियंत्रण मिळवता येते, हा त्यांचा निष्कर्ष मात्र विज्ञानजगताने स्वीकारला नाही.

जीवन

ब्राउन यांचा जन्म ओहायो राज्यातील झेन्सव्हिल येथे एका सधन कुटुंबात झाला. विजेच्या उपकरणांची आवड त्यांना लहानपणापासूनच होती. क्ष-किरणांच्या कूलिज नलिकेवर प्रयोग करताना, वीजप्रवाह सुरू होताच तिच्यावर सूक्ष्म रेटा पडतो असे त्यांना वाटले आणि त्याचा संबंध त्यांनी गुरुत्वाकर्षणाशी जोडला. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, केन्यन महाविद्यालय व डेनिसन विद्यापीठ येथे त्यांनी शिक्षण घेतले. परंतु पदवी मिळवली नाही. डेनिसनमधील प्राध्यापक पॉल आल्फ्रेड बीफेल्ड यांच्यासह आपण प्रयोग केल्याचे ते सांगत. तथापि, त्या प्रयोगांची नोंद विद्यापीठाकडे आढळत नाही.

१९२८ साली त्यांना ब्रिटिश पेटंट मिळाले. १९३० मध्ये ते अमेरिकन नौदलात दाखल झाले व नौदल संशोधन प्रयोगशाळेत काम करू लागले. १९३२ साली वेस्ट इंडीजच्या समुद्रात गुरुत्वाकर्षणाची मोजणी करणाऱ्या पाणबुडी मोहिमेत त्यांचा सहभाग होता.

१९५० च्या दशकात त्यांनी खांबाला जोडलेल्या व त्याभोवती फिरणाऱ्या तबकड्यांची प्रात्यक्षिके दाखवली आणि फ्रान्समध्येही प्रयोग केले. १९५६ मध्ये त्यांनी उडत्या तबकड्यांचा अभ्यास करणारी 'नायकॅप' ही संस्था स्थापन केली. पुढील वर्षाच्या प्रारंभीच तिची सूत्रे डोनाल्ड कीहो यांच्याकडे गेली. १९६० ते १९६५ या काळात त्यांना विद्युत् गतिक उपकरणांबाबतची अमेरिकन पेटंटे मिळाली. कॅलिफोर्नियातील कॅटालिना बेटावर त्यांचे निधन झाले.

परिणामाचे स्वरूप

एक विद्युत् अग्र बारीक तारेचे व दुसरे रुंद पृष्ठाचे असलेल्या धारित्रास काही हजार व्होल्टचा दाब दिल्यास तारेभोवतीच्या हवेचे आयनीभवन होते. हे आयन रुंद अग्राकडे खेचले जाताना हवेच्या उदासीन रेणूंवर आदळतात व त्यांना पुढे ढकलतात. त्यामुळे हवेचा प्रवाह तयार होतो. यालाच आयन वारा म्हणतात. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार उपकरणाला विरुद्ध दिशेने रेटा मिळतो. विद्युत् वाऱ्याची नोंद अठराव्या शतकाच्या आरंभीच झाली होती.

येथे निर्णायक प्रश्न हवेचा होता. रेटा गुरुत्वाकर्षणाशी निगडित असेल, तर तो निर्वातातही मिळायला हवा. आपल्याला तसा रेटा आढळल्याचे ब्राउन यांचे म्हणणे होते. नंतरच्या संशोधकांनी निर्वात कोठीत स्थिर विद्युत् दाबाखाली केलेल्या चाचण्यांत मात्र असा रेटा आढळला नाही. त्यामुळे ब्राउन यांनी पाहिलेली हालचाल खरी होती, पण तिचे कारण त्यांनी चुकीचे लावले होते, असे आज मानले जाते.

प्रभाव

ब्राउन यांच्या मृत्यूनंतर, २००० च्या दशकारंभी, 'लिफ्टर' हे घरगुती उपकरण जगभरातील हौशी प्रयोगकर्त्यांत लोकप्रिय झाले. बाल्सा लाकडाच्या काड्यांचा त्रिकोणी सांगाडा, खालच्या भागाभोवती ॲल्युमिनियमची पातळ पन्नी आणि तिच्या वर काही सेंटिमीटरवर ताणलेली बारीक तार, एवढीच त्याची रचना असते. सुमारे २० ते ४० हजार व्होल्टचा दाब दिला की हा हलका सांगाडा हवेत तरंगतो. दाब देणारे जड यंत्र मात्र जमिनीवरच ठेवावे लागते. असा विद्युत् दाब जीवघेणा ठरू शकतो, तसेच या प्रयोगात ओझोन वायूही तयार होतो.

२०१८ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील स्टीव्हन बॅरेट व सहकाऱ्यांनी आयन वाऱ्यावर चालणाऱ्या विमानाचे उड्डाण जाहीर केले. ५ मीटर पंखविस्ताराचे, सुमारे २.४५ किलोग्रॅम वजनाचे हे विमान आपली विद्युत् सामग्री स्वतः वाहून नेत होते. त्याच्या रेट्याचे स्पष्टीकरण गुरुत्वाकर्षणात नव्हे, तर हवेच्या आयनांत आहे.