विश्लेषण : राजापूरचे इंग्रज महाडजवळच्या सोनगडावर कैदेत का होते? कंपनीने हात का झटकले?

परदेशी नागरिकांना अडकवून सौदा करण्याच्या प्रकाराविरोधात २०२१ मध्ये कॅनडाच्या पुढाकाराने अनेक देशांनी जाहीरनामा काढला. पण अडकलेल्या माणसाचीच चूक असेल तर? महाडजवळच्या सोनगडावर साडेतीनशे वर्षांपूर्वी हाच पेच पडला होता. कैदी होता ईस्ट इंडिया कंपनीच्या राजापूर वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन.

रेव्हिंग्टनने काय केले?

१६६० च्या सुरुवातीला अफजलखानाच्या गलबतांवरून वाद झाला आणि मराठ्यांनी वखारीतील फिलिप गिफर्डला पकडले. रेव्हिंग्टनने शिवाजी महाराजांना पत्रे लिहिली आणि शेवटी माणसे पाठवून त्याला वाटेतच सोडवले. तोवर तो, निदान कागदावर, तटस्थ व्यापारी होता. काही महिन्यांतच सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला. दारूगोळा खपवण्याची संधी साधून रेव्हिंग्टन तिथे पोहोचला आणि इंग्रजी निशाण लावून गडावर तोफगोळे डागले गेले.

मार्च १६६१ मध्ये महाराजांनी राजापूर घेतले. वखार खणून काढली गेली आणि रेव्हिंग्टन, गिफर्ड व इतर इंग्रज कैद झाले.

सुटकेसाठी काय झाले?

खंडणीवरून बोलणी रखडली. रेव्हिंग्टन फार आजारी पडला, म्हणून ऑक्टोबर १६६१ मध्ये त्याला सुरतेला जाऊ दिले. त्यानंतर तो फार जगला नाही. मागे राहिलेल्यांनी सुरतेच्या वरिष्ठांना संतापून पत्रे लिहिली. मार्च १६६२ मध्ये उत्तर आले, तेही झोंबणारे: तुम्ही कंपनीचा माल राखताना नव्हे, तर पन्हाळ्यावर गोळे टाकल्यामुळे तुरुंगात गेलात. उत्तर निष्ठुर होते, पण खोटे नव्हते. कैद्यांनी पळून जाण्याचा प्रयत्न केला, पकडले गेले आणि रायरीवर, म्हणजे आजच्या रायगडावर, नेले गेले. रावजी सोमनाथांमार्फत सुटका व्हायला फेब्रुवारी १६६३ उजाडला.

हिशेब कधी मिटला?

कंपनी माणसे विसरली, वखारीचे नुकसान मात्र विसरली नाही. भरपाईसाठी तिचे वकील वर्षानुवर्षे खेटे घालत राहिले. मे १६७४ मध्ये हेन्री ऑक्झिंडन पाचाडला आला, तेव्हा महाराज पोलादपूरच्या वरच्या अंगाला, प्रतापगडावर भवानीच्या दर्शनाला गेले होते. त्याला थांबावे लागले. राज्याभिषेकानंतर, जूनमध्ये तह झाला आणि राजापूरपोटी १०,००० होन ठरले. तेही पुढे पूर्ण हाती पडले नाहीत.