गणिताच्या खुर्चीवर कोण बसणार? : दामोदर धर्मानंद कोसंबी

29 जून हा दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा स्मृतिदिन. 1966 साली याच तारखेला पुण्यात झोपेतच त्यांचे निधन झाले. वय 58. आपल्या चळवळीतील तरुण त्यांना ओळखतात ते इतिहासकार म्हणून. कार्ले-भाजे लेण्यांवर बोलायचे असले की त्यांचे नाव निघते. पण कोसंबींनी आयुष्यभर पगार घेतला तो गणिताचा. ते गणिताचे प्राध्यापक होते, आणि ही प्राध्यापकी त्यांना कशी मिळाली व कशी गेली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

आम्हाला ती आठवली याला कारण आहे. वरूडला आमच्या अभ्यासिकेत गणितात एम.एस्सी. झालेली काही मुले-मुली बसतात. कोणी नेट-सेटच्या मागे आहे, कोणी सीएचबीवर तास घेऊन पावसाळ्यात घरच्या संत्र्याच्या बागेत राबतो. मध्यंतरी एका विद्यापीठाची प्राध्यापकाच्या जागेची जाहिरात सगळ्यांनी मिळून वाचली. पीएच.डी., दहा वर्षांचा अनुभव, किमान दहा शोधनिबंध, आणि 120 गुणांचा संशोधन गुणांक. एकाने सहज विचारले, ही अट कोसंबींना लावली असती तर? उत्तर सोपे आहे. त्यांचा अर्ज छाननीतच बाद झाला असता. कोसंबींकडे पीएच.डी. नव्हती, एम.ए.सुद्धा नव्हते. हार्वर्डची बी.ए. एवढीच त्यांची पदवी. ती पहिल्या श्रेणीच्याही वरच्या सन्मानाने मिळालेली होती, हे खरे. पण पदवी एकच.

त्यांचा जन्म 31 जुलै 1907 चा, गोव्यातला. वडील आचार्य धर्मानंद कोसंबी. धर्मानंदांची ओळख आपल्या वाचकांना वेगळी करून द्यायला नको, तरी दोन-तीन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. बुद्ध समजून घ्यायचा म्हणून हा माणूस 1899 साली घर सोडून निघाला, काशी-नेपाळ करत सिंहलद्वीपात पोहोचला, तिथे पाली शिकला आणि भिक्षू झाला. परत आल्यावर कलकत्ता विद्यापीठातली जास्त पगाराची नोकरी सोडून त्यांनी सयाजीराव गायकवाडांचे महिना 50 रुपये पत्करले, कारण त्यांना महाराष्ट्रात राहून बुद्धाविषयी मराठीत लिहायचे होते. याच सयाजीरावांनी पुढे 1913 मध्ये बाबासाहेबांना कोलंबियाला पाठवले. पात्र माणूस शोधून त्याच्यावर पैसा लावणारी नजर म्हणतात ती ही. शाक्य आणि कोलीय यांच्यातल्या रोहिणीच्या पाण्याच्या तंट्यातून सिद्धार्थाच्या गृहत्यागाचा अर्थ लावण्याची दिशाही मराठी वाचकांना धर्मानंदांनी दाखवली. पुढे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ मध्ये याच प्रसंगाला मध्यवर्ती स्थान दिले. धर्मानंदांनी 4 जून 1947 रोजी सेवाग्रामला, म्हणजे आपल्याच विदर्भात, अन्नत्याग करून देह ठेवला.

या बापाबरोबर दामोदर 1918 मध्ये अमेरिकेला गेले. धर्मानंद हार्वर्डमध्ये ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम करत होते. मुलगा तिथल्याच शाळेत शिकला, मध्ये भारतात येऊन पुन्हा गेला, आणि 1929 मध्ये पदवी घेऊन परतला. पहिली नोकरी बनारस हिंदू विद्यापीठात. गणित शिकवायचे आणि जर्मनही शिकवायची.

आता येते अलिगढ. इथे जरा थांबू, कारण ही भरतीची गोष्ट मोठी गमतीची आहे.

अलिगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू तेव्हा सय्यद रॉस मसूद होते, सर सय्यद अहमद खान यांचे नातू. विद्यापीठात नवे रक्त आणायचे त्यांच्या मनात होते. पॅरिसमध्ये त्यांची गाठ सिल्वाँ लेव्ही यांच्याशी पडली. लेव्ही म्हणजे संस्कृत आणि बौद्ध ग्रंथांचे जगप्रसिद्ध अभ्यासक. मसूद यांना फ्रेंच संस्कृतीचा प्राध्यापक हवा होता. लेव्हींनी आपल्या ओळखीच्या एका तरुणाचे नाव सुचवले, आंद्रे वेल. हा तरुण गणिती, पण संस्कृत शिकलेला, गीतेच्या प्रेमात पडलेला. पुढे बरेच दिवस काहीच कळले नाही. मग एक दिवस तार आली : फ्रेंच संस्कृतीचे पद निर्माण करता येत नाही, गणिताचे पद रिकामे आहे, येता का? वेल 1930 च्या आरंभी अलिगढला हजर झाले. वय 23. थेट प्राध्यापक आणि विभागप्रमुख! विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या गणितज्ञांपैकी एक भारतात आला तो एका बौद्धविद्येच्या पंडिताच्या शब्दावर.

वेल यांच्याकडे काम दिले होते विभाग नव्याने उभा करण्याचे. असलेल्या शिक्षकांचा कस पाहायचा आणि चांगली माणसे आणायची. त्यांनी दोन माणसे निवडली. एक टी. विजयराघवन. मद्रासच्या परीक्षेत त्यांचे काही चमकले नव्हते, पण गणितातले काम पाहून हार्डी यांनी त्यांना ऑक्सफर्डला बोलावून घेतले होते. दुसरे कोसंबी, बनारसचे, एका पदवीचे, तिखट जिभेचे. वेल यांनी दोघांचे काम पाहिले, त्यांच्याशी गणितावर बोलले, आणि घेतले. 1931 मध्ये कोसंबी अलिगढला आले. तिघेही तिशीच्या आतले. विजयराघवन सोडले तर जेमतेम पंचविशीचे.

त्या काळातली एक खोडी गणिताच्या इतिहासात कायमची नोंदली गेली आहे. वेल यांच्या सांगण्यावरून कोसंबींनी अलाहाबादच्या एका नियतकालिकात शोधनिबंध लिहिला आणि त्यात बूर्बाकी नावाच्या अस्तित्वातच नसलेल्या गणितज्ञाच्या प्रमेयाचा हवाला दिला. वेल आणि त्यांच्या फ्रेंच मित्रांनी पुढे याच नावाने गट काढला आणि आधुनिक गणिताची मांडणी बदलून टाकली. हे नाव गणिताच्या छापील निबंधात पहिल्यांदा आले ते आपल्या कोसंबींच्या हातून.

पण चांगला विभाग उभा राहणे आणि टिकणे या वेगळ्या गोष्टी असतात. वेल सुट्टीत युरोपला गेले असताना त्यांची जागा विजयराघवन यांना देऊ करण्यात आली. विजयराघवन यांनी काय करावे? त्यांनी राजीनामा दिला आणि ढाक्याला निघून गेले. मित्राच्या पाठीमागे त्याची खुर्ची घेणे त्यांना जमले नाही. आपल्याकडे खुर्चीसाठी काय काय चालते हे पाहणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावे. 1932 च्या सुरुवातीला वेलही अलिगढ सोडून गेले. कोसंबी पुण्याला फर्ग्युसन महाविद्यालयात आले. याच महाविद्यालयात 1912 ते 1918 धर्मानंदांनी पाली शिकवली होती.

इथे एक गोष्ट आम्हाला स्पष्ट म्हणायची आहे. कोसंबींना एका पदवीवर ही दारे उघडली, यात त्यांची बुद्धी होती, वडिलांचे नाव होते, हार्वर्ड होते, आणि जन्माने आलेली जातही होती. ते सारस्वत ब्राह्मण कुटुंबातले. ज्या 1918 साली लहानगा दामोदर बोटीत बसला, त्याच साली बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. कोलंबियात शिकून आणि लंडनमध्ये अभ्यास करून आलेल्या या प्राध्यापकाने शिक्षकांच्या पाण्याच्या भांड्याला हात लावू नये, अशी सहकाऱ्यांची तक्रार होती. म्हणून आमच्यातले काही जण म्हणतात, लेखी अट हवीच. कागदावरची अट निदान सगळ्यांना सारखी असते, ओळखीवर निवड झाली की आपला माणूस दारातच राहतो. हा मुद्दा खोटा नाही. दुसरी बाजू अशी की, कागद पूर्ण असलेला आपला माणूसही मुलाखतीत योग्य उमेदवार आढळला नाही या शेऱ्याने परत येतो, आणि जागा रिकामीच राहते. कागद आणि नजर यांतले काय निवडावे यावर अभ्यासिकेत एकमत झाले नाही.

फर्ग्युसनमधल्या वर्षांत कोसंबींनी केलेले काम पाहिले की थक्क व्हायला होते. 1933 मध्ये जर्मनीतल्या नामांकित नियतकालिकात त्यांचा भूमितीवरचा निबंध आला, आणि त्यावर थोर फ्रेंच गणिती एली कार्तां यांनी त्याच अंकात टिपण लिहिले. 1934 मध्ये त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले. मग ते संख्याशास्त्राकडे वळले, आणि संख्याशास्त्र वापरायचे कशावर, तर जुन्या नाण्यांवर! हातोहात फिरणारे नाणे झिजते, वजन घटते. किती घटले यावरून ते किती काळ चलनात होते हे काढता येईल का? हे तपासायला त्यांनी तेव्हाच्या चलनातली हजारो नाणी स्वतः तोलली, आणि मग तक्षशिलेच्या आहत नाण्यांकडे गेले. मौर्यकाळाकडे, पर्यायाने बुद्धाच्या काळाकडे, ते या वाटेने पोहोचले. इतिहास ही त्यांची हौस नव्हती, गणितातूनच त्यांना ती वाट सापडली.

1944 मधले त्यांचे एक सूत्र आनुवंशिकी शिकणाऱ्याला आजही भेटते. गुणसूत्रावर दोन जनुके एकमेकांपासून किती अंतरावर आहेत, हे संकराच्या निरीक्षणांवरून काढण्याचे ते सूत्र आहे. जगभर ते कोसंबींच्या नावानेच ओळखले जाते. वरूडकरांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे संत्रावर्गीय झाडांचे जनुकीय नकाशे करतानाही हे सूत्र वापरले गेले आहे. आपल्या बागेतल्या झाडाच्या नात्यातच म्हणा ना.

1945 मध्ये होमी भाभा टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारत होते. गणितासाठी त्यांनी ज्यांना पहिल्यांदा बोलावले त्यांत कोसंबी होते. पुन्हा तेच. एका जाणकाराने दुसऱ्याला हेरले. संस्था मुंबईला, घर पुण्याला, म्हणून डेक्कन क्वीनने रोजची ये-जा. या गाडीत त्यांचे निम्मे वाचन होई. याच काळात त्यांनी शिकागो विद्यापीठात भूमिती शिकवली, प्रिन्स्टनला जाऊन आले. 1956 मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारा त्यांचा ग्रंथ आला, आणि इतिहास लिहिण्याची रीतच बदलली. राजांच्या सनावळ्यांऐवजी नांगर, गुरे, व्यापारी, श्रेणी आणि विहार त्यात आले. लेणी घाटवाटांच्या तोंडाशीच का आहेत, दान देणारे कोण होते, विहाराचा व्यापाराशी काय संबंध होता, हे त्यांनी पायी फिरून शोधले. पुढे विहारांकडे संपत्ती साठली आणि संघ लोकांपासून दुरावला, हेही त्यांनी लिहिले. ते वाक्य सोडून बाकीचे कोसंबी घ्यायचे, असे आपल्याकडे भाषणांत होते. तसे करू नये. 1957 मध्ये त्यांनी वि. वि. गोखले यांच्यासोबत ‘सुभाषितरत्नकोश’ संपादित केला. तो संग्रह करणारा विद्याकर बंगालमधल्या जगद्दल विहारातला बौद्ध पंडित होता.

संस्थेत मात्र बिघडत चालले होते. 1949 मध्ये प्रिन्स्टनहून के. चंद्रशेखरन आले आणि गणित विभागाची सूत्रे हळूहळू त्यांच्याकडे गेली. कोसंबी जागतिक शांतता चळवळीत उतरले होते. अणुऊर्जेऐवजी या देशाने सूर्याकडे पाहावे असे ते जाहीरपणे सांगत. भाभा म्हणजे देशाच्या अणुकार्यक्रमाचे प्रमुख. पगार देणाऱ्याच्या मुख्य कामावरच अशी टीका किती काळ चालणार?

तरी सगळा दोष वरच्यांवर टाकणे बरोबर नाही. 1959 मध्ये कोसंबींनी गणितातल्या अतिशय अवघड अशा रीमान गृहीतकाकडे संभाव्यतेच्या मार्गाने जाणारा निबंध प्रसिद्ध केला, आणि तोही कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात, जिथे तो तपासू शकणारे कोणी नव्हते. सिद्धता टिकली नाही. त्यांची गणितातली पत यामुळे घसरली, आणि ज्यांना ते नको होते त्यांना कारण मिळाले. आपल्याला ते कितीही प्रिय असले तरी ही चूक त्यांचीच होती. शोधनिबंध जिथे कठोरपणे तपासला जाईल तिथेच पाठवायचा असतो, हे सीएचबीवर काम करणाऱ्या आमच्या पोरांनाही माहीत आहे.

1962 च्या जानेवारीत कुलाब्याला संस्थेच्या नव्या भव्य इमारतीचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. त्याच वर्षी कोसंबींच्या कराराचे नूतनीकरण झाले नाही. सतरा वर्षांची नोकरी संपली.

त्यानंतर दोन वर्षे त्यांच्याकडे पद नव्हते. काम मात्र होते. त्याच 1962 मध्ये ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ हे पुस्तक आले. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर हातात काठी घेऊन ते दगडी हत्यारे गोळा करत, धनगरांना त्यांच्या देवांच्या वाटा विचारत. एस. ड्यूक्रे या टोपणनावाने त्यांनी गणिताचे काही निबंध छापले. 1964 मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना मानद वैज्ञानिक म्हणून नेमले आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत बसायला जागा मिळाली. 1965 मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचा त्यांचा शेवटचा मोठा ग्रंथ लंडनहून प्रसिद्ध झाला. पुढच्या जूनमध्ये ते गेले. भाभा त्याच वर्षीच्या जानेवारीत विमान अपघातात गेले होते.

2008 मध्ये सरकारने कोसंबींचे टपाल तिकीट काढले. आमच्या अभ्यासिकेत त्यांच्या इतिहासाच्या पुस्तकांची मराठी भाषांतरे आहेत. या 29 जूनला गणिताची मुले फळ्यावर ते 1944 चे सूत्र सोडवून दाखवणार आहेत. संध्याकाळी सहा वाजता, पाऊस नसेल तर विहाराच्या ओट्यावर, असेल तर आत.