घसरलेल्या पिशवीला आधार देणारे डॉ. शिरोडकर

दिवाळी उरकली की कडा, आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या पट्ट्यातून ऊसतोडीची जोडपी बाहेर पडतात. पुढचे चार-पाच महिने फडावर. बाई ऊस गोळा करते, मोळी बांधते आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते. अंगावर पिते मूल असले तरी यातून सुटका नसते. काही वर्षांनी तिची तक्रार सुरू होते. ओटीपोटात खाली ओढ लागते, उकिडवे बसले की अंग बाहेर येते, लघवी नीट होत नाही. सांगायची लाज वाटते म्हणून आणखी दोन हंगाम तसेच जातात. शेवटी ती दवाखान्यात जाते, तेव्हा पुष्कळदा एकच सल्ला मिळतो, पिशवी काढून टाका.

याच तक्रारीवर पिशवी न काढता उपाय शोधणारे एक डॉक्टर गेल्या शतकात मुंबईत होऊन गेले. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर. प्रसूतिशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे नाव 'शिरोडकर टाका' म्हणून ठाऊक असते. अंग बाहेर येण्यावरचे त्यांचे काम मात्र डॉक्टरमंडळींच्या बाहेर फारसे माहीत नाही.

1899 मध्ये गोव्यातल्या शिरोडा गावी त्यांचा जन्म झाला. तेव्हा तिथे पोर्तुगीज राज्य होते. शाळा हुबळीला झाली आणि वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. 1927 साली ते स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्रात एम.डी. झाले. मग इंग्लंडला जाऊन 1931 मध्ये एफ.आर.सी.एस. झाले आणि परत आले. 1940 पासून ते ग्रँट मेडिकल कॉलेजात प्राध्यापक होते. त्या काळी बायकांना सात-आठ बाळंतपणे व्हायची, तीही बहुधा घरी. पिशवीचे तोंड पुरते उघडण्याआधीच कळा द्यायला लावायच्या आणि चार दिवसांत बाई पुन्हा कामाला. अशा बायकांमध्ये अंग बाहेर येणे ही नेहमीची गोष्ट होती. त्यांतल्या कित्येक अगदी तरुण असत आणि त्यांना आणखी मुले हवी असत.

हा आजार समजायला हर्नियाची मदत होते. हर्नियात आतड्याचा दोष नसतो. पोटाची भिंत एखाद्या जागी सैल होते आणि खोकताना, कुंथताना, ओझे उचलताना आतले आतडे तिथून बाहेर डोकावते. पूर्वीचे शल्यविशारद बाहेर आलेली पिशवीसारखी घडी बांधून कापून टाकत. भोक तसेच राहायचे आणि हर्निया परत यायचा. इटलीतल्या पादुआचे एदोआर्दो बस्सिनी यांनी 1880 च्या दशकात भिंतच थरांथरांनी शिवून काढली, तेव्हा कुठे हर्नियाची शस्त्रक्रिया भरवशाची झाली. आज त्या जागी जाळी बसवतात, पण तत्त्व तेच आहे. दुरुस्ती भिंतीची करायची.

बाईच्या ओटीपोटाला खालून स्नायूंची झोळी असते आणि गर्भाशय मागून-बाजूंनी चिवट पट्ट्यांनी बांधलेले असते. बाळंतपणात या पट्ट्या ताणल्या जातात. पुरेशी विश्रांती न घेता ओझी उचलली, जुनाट खोकला असला, बद्धकोष्ठ असले की त्या आणखी सैल होतात. पाळी गेल्यावर त्यांचा उरलासुरला ताठरपणाही जातो. मग पिशवी खाली घसरते आणि सोबत लघवीची पिशवी किंवा गुदाशय पुढे-मागे फुगून येते. म्हणजे हा एका अर्थाने खालच्या भिंतीचा हर्नियाच.

इंग्लंडमध्ये त्या वेळी यावर मँचेस्टर पद्धतीची शस्त्रक्रिया रूढ होती. तीत गर्भाशय ठेवत, पण त्याचे लांबलेले तोंड कापून टाकत. नंतर दिवस गेले तर अडचण यायची. काहींचा गर्भ अकाली पडायचा, काहींची प्रसूती अडायची. मूल होऊन गेलेल्या चाळिशीच्या बाईला हे चालून जाई. पंचविशीतल्या बाईचे काय? शिरोडकरांनी तीच शस्त्रक्रिया बदलली. तोंड न कापता त्यांनी मागच्या पट्ट्या सोडवून पुढे आणल्या आणि गर्भाशयाच्या तोंडाला पुढून शिवल्या. ज्या बाईच्या पट्ट्यांत शिवण्याजोगा जीवच उरलेला नसे, तिच्यासाठी त्यांनी नवी पट्टी घालायची ठरवली.

ही पट्टी त्यांनी बाईच्याच मांडीतून घेतली. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कातडीखाली, स्नायूंवर एक पांढरे चिवट आवरण असते. त्यातली अरुंद पट्टी काढली तर चालण्याला बाधा येत नाही, आणि शरीराचीच असल्याने शरीर ती नाकारत नाही. कॅनडातले शल्यविशारद गॅली आणि ल मेझुरिए यांनी 1921 च्या सुमारास याच आवरणाच्या पट्ट्यांनी हर्निया शिवले होते. शिरोडकरांनी पोट उघडून पट्टीचे एक टोक गर्भाशयाच्या तोंडाच्या मागच्या बाजूला आणि दुसरे माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीच्या कडेला बांधले. डाव्या बाजूला मोठे आतडे वाटेत येते, म्हणून तिथे पाठीच्या कण्याशेजारच्या स्नायूवरून वळसा घेतला. त्यामुळे गर्भाशय निसर्गाने ज्या दिशेला बांधले होते त्याच दिशेला, मागे आणि वर, टांगले गेले. पुढे मांडीतल्या पट्टीच्या जागी पॉलिएस्टरची फीत आली.

शस्त्रक्रिया सोपी नाही. मूत्रवाहिनी अगदी जवळून जाते आणि त्रिकास्थीवरच्या शिरांना धक्का लागला तर रक्तस्राव आवरणे कठीण. म्हणून पुष्कळांनी पुढून बांधायच्या तुलनेने सोप्या पद्धती पत्करल्या. मुंबईच्याच डॉ. पुरंदरे यांची पद्धत त्यांतली, तीत पोटाच्या पुढच्या भिंतीतल्या पट्ट्या वापरतात. शरीररचनेच्या दृष्टीने मात्र शिरोडकरांची बांधणी सरस मानली जाते, आणि ते योग्यच आहे.

गर्भाशयाच्या तोंडाचा हा ध्यास त्यांना प्रसिद्ध टाक्यापर्यंत घेऊन गेला. काही बायकांचा गर्भ चौथ्या ते सातव्या महिन्यात, फारशा कळा न येताच, दरवेळी पडत असे. विश्रांती आणि औषधे व्यर्थ जात. पिशवीचे तोंडच कमकुवत असल्याचे शिरोडकरांनी ओळखले आणि मांडीतल्या त्याच पट्टीने ते भोवतीने आवळून बांधले. 1955 मध्ये मद्रासच्या 'अँटिसेप्टिक' या मासिकात त्यांनी हे प्रसिद्ध केले. दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियाच्या मॅकडोनाल्ड यांनी त्याची सोपी आवृत्ती काढली. आज दोन्ही टाके जगभर घातले जातात. शिरोडकरांनी परदेशांत जाऊन प्रात्यक्षिके दाखवली आणि 1960 साली आपल्या कामावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण आणि 1971 मध्ये पद्मविभूषण मिळाले. 1971 च्या मार्चमध्ये त्यांचे निधन झाले.

2019 मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीसमोर बीड जिल्ह्याचा आकडा आला. पाहणी केलेल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. या सगळ्यांचे अंग बाहेर येत होते असे नाही. पांढरे जाणे, पोटदुखी, पाळीतला जास्त रक्तस्राव अशा तक्रारी त्यांत होत्या आणि त्यांतल्या पुष्कळ तक्रारींना औषधे पुरतात. अंग बाहेर येत असले तरी नुसती पिशवी काढल्याने सैल पट्ट्या घट्ट होत नाहीत. आधार शिवला नाही तर पुढे योनीचा वरचा भागच खाली उतरू शकतो आणि पुन्हा ऑपरेशन करावे लागते. ऐन तिशीत पिशवीबरोबर अंडाशयेही काढली तर हाडे ठिसूळ होणे लवकर सुरू होते, ते वेगळेच.

उतारवयात, आजार पुढे गेलेला असेल तर खालून पिशवी काढून पट्ट्या शिवणे हा योग्य उपचार आहे. सुरुवातीला ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम काही महिने नेटाने केले तर फरक पडतो. शस्त्रक्रिया नको असेल किंवा झेपणार नसेल तर योनीत बसवायची रिंग मिळते, ती डॉक्टरांकडून मापाने घ्यावी. बाळंतपणानंतर निदान सहा आठवडे जड ओझे टाळावे, हे सगळेच सांगतात. मुकादमाची उचल अंगावर असलेल्या बाईने ते कसे टाळायचे, हे कुणी सांगत नाही. आणि तरुणपणी शस्त्रक्रियेची वेळ आलीच, तर पिशवी ठेवून ती वर बांधता येईल का, असा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा. आता हे काम दुर्बिणीतूनही होते. मांडीच्या पट्टीऐवजी जाळी वापरतात आणि तिचे वरचे टोक त्रिकास्थीच्या त्याच कडेला बांधतात.